ओळख, उमेदवारी आणि सहवास : चित्रपटव्यवसायातील मार्गदर्शक-परंपरेचे स्वरूप

प्रस्तावना

पदवी घेऊन चित्रपटक्षेत्रात जाऊ इच्छिणारा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : ‘सर, तिथे तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?’ ग्रामीण वा निमशहरी महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते. मग दोन ठरावीक उत्तरांपैकी एक दिले जाते. ‘त्या क्षेत्रात वशिल्याशिवाय काही होत नाही,’ हे एक आणि ‘अंगी गुण असतील तर संधी आपोआप चालून येईल,’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने विद्यार्थी खचतो, दुसऱ्याने तो फसतो. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. परंतु चित्रपटव्यवसायात माणसे एकमेकांना कशी सापडतात, एकमेकांकडून कशी शिकतात आणि पुढे कशी जातात, याचा उलगडा त्यांपैकी एकानेही होत नाही.

भारतीय चित्रपटाच्या, विशेषतः मराठी आणि हिंदी चित्रपटाच्या इतिहासातील काही ठळक उदाहरणांच्या आधारे हा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. या क्षेत्रातील मार्गदर्शक हा केवळ ओळखीतून मिळत नाही, तो एकत्र केलेल्या कामाच्या सहवासातून घडतो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ते मान्य केले तर पुढचा प्रश्न ओघानेच येतो : हा सहवास कोणाला परवडतो आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालय काय करू शकते?

वशिला, ओळख आणि उमेदवारी

मराठीत या विषयाशी निगडित तीन शब्द रूढ आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘वशिला’ म्हणजे गुणवत्तेची पारख टाळून मिळणारा प्रवेश. ‘ओळख’ म्हणजे दोन व्यक्तींमधील परिचय. तिच्यामुळे माहिती मिळते, दार किलकिले होते, पण आत टिकण्याची हमी मिळत नाही. ‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीपुरता उरल्यासारखा झाला असला तरी त्याचा जुना अर्थ जाणत्याच्या हाताखाली राहून, अल्प वा शून्य मोबदल्यावर काम शिकणे असा आहे. वकील, सोनार, मुद्रक, गवई या सर्वांच्या व्यवसायांत उमेदवारी होती. चित्रपटव्यवसायात ती आजही ‘सहाय्यक’ या पदाच्या रूपाने जिवंत आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘दुबळ्या धाग्यांच्या बळा’चा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. नोकरीची नवी माहिती माणसाला निकटच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक मिळते, असे त्यांचे निरीक्षण होते. निकटचे लोक एकाच वर्तुळात वावरतात आणि सर्वांना साधारण तेच ठाऊक असते; दूरचा परिचित मात्र दुसऱ्या वर्तुळातील बातमी आणतो. चित्रपटसृष्टीत कामाच्या जाहिराती क्वचितच निघतात. कोणत्या युनिटला सहाय्यक हवा आहे, कोणता संकलक नवा मदतनीस शोधतो आहे, ही माहिती तोंडोतोंडी फिरते. त्यामुळे दुबळे धागे येथे मोलाचे ठरतात. तथापि बातमी कळणे वेगळे आणि काम सोपवले जाणे वेगळे. चित्रीकरणाच्या एका दिवसावर मोठा खर्च होत असल्याने नवख्या माणसावर काम सोपवताना विश्वास लागतो आणि तो पूर्वी सोबत काम केलेल्या कोणाच्या तरी शब्दावरच बसतो. दुबळा धागा दारापर्यंत नेतो. आत नेण्यासाठी बळकट धागा लागतो.

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्ये मार्गदर्शकाची दोन प्रकारची कार्ये सांगितली. पहिले व्यावसायिक प्रगतीचे : शिकवणे, आव्हानात्मक काम देणे, इतरांपुढे नाव घेणे, संकटात पाठीशी उभे राहणे. दुसरे मानसिक आधाराचे : आदर्श घालून देणे, स्वीकारणे, समजून घेणे, मैत्री करणे. ही सर्व कार्ये एकाच व्यक्तीने करावीत असे नाही. किंबहुना नवोदिताची पहिली चूक अशी होते, की तो एका सर्वगुणसंपन्न गुरूच्या शोधात राहतो आणि तंत्र शिकवणारा एक, नाव सुचवणारा दुसरा, धीर देणारा तिसरा, असे मिळून घडणारे मार्गदर्शन त्याच्या लक्षातच येत नाही.

कोल्हापूर ते पुणे : कारखान्यातील उमेदवारी

मराठी चित्रपटाच्या आरंभकाळात मार्गदर्शन हे कारखान्यातील शिक्षणासारखे होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर हे चित्रकार, शिल्पकार, यंत्रज्ञ आणि दिग्दर्शक अशा सर्व भूमिकांत वावरत. कॅमेरादेखील त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत तयार केला होता. ‘सैरंध्री’ (१९२०) हा या कंपनीचा पहिला गाजलेला मूकपट. १९२० मध्येच व्ही. शांताराम या कंपनीत दाखल झाले. त्यांचे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर तेथे आधीपासून होते. म्हणजे प्रवेश नात्यातल्या ओळखीने झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढील सात वर्षे त्यांनी पडेल ते काम केले, भूमिका केल्या, ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये शेतकऱ्याची प्रमुख भूमिका वठवली आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन केले. ओळखीने दार उघडले, उमेदवारीने दिग्दर्शक घडवला.

याच कंपनीत विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर हेही घडले. १९२९ मध्ये या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. त्यांपैकी दामले ध्वनिमुद्रणाचे, तर फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे जाणकार होते. एका गुरूच्या हाताखाली सर्व विभागांची कामे जवळून पाहिलेली माणसे एकत्र आली, की त्यांच्यात कामाची समान भाषा तयार होते. मार्गदर्शकाने दिलेली ही ठेव कोणत्याही एका कौशल्यापेक्षा मोठी असते. शिष्यांनी गुरूची संस्था सोडून स्वतःची संस्था काढली, ही बाबही नोंदवण्याजोगी आहे. उमेदवारीची स्वाभाविक परिणती स्वातंत्र्यात होते.

प्रभातच्या आवारात पुढे आणखी एक धागा विणला गेला. गुरुदत्त १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर तेथे आले. देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (१९४६) प्रभातचाच. त्याचे नृत्यदिग्दर्शन गुरुदत्त यांच्याकडे होते. धोब्याकडून शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यातून दोघांची मैत्री जमली, हा किस्सा चित्रपटरसिकांत प्रसिद्ध आहे. आपण दिग्दर्शक झालो तर तुला नायक करू, आपण निर्माते झालो तर तुला दिग्दर्शन देऊ, असे वचन दोघांनी एकमेकांना दिल्याचे सांगितले जाते. देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेच्या ‘बाजी’चे (१९५१) दिग्दर्शन गुरुदत्त यांच्याकडे आले आणि गुरुदत्त यांनी निर्मिलेल्या ‘सी.आय.डी.’मध्ये (१९५६) देव आनंद नायक झाले. ‘सी.आय.डी.’चे दिग्दर्शक राज खोसला हे गुरुदत्त यांचे सहाय्यक होते. पुढे महेश भट्ट यांनी राज खोसला यांच्या हाताखाली उमेदवारी केली.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की ज्यांची ओळख पुढे सर्वाधिक उपयोगी पडते ती माणसे बहुधा त्या वेळी आपल्याइतकीच अप्रसिद्ध असतात. १९४६ मधील देव आनंद आणि गुरुदत्त यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याला ‘मोठी ओळख’ म्हणून शोधलेले नव्हते. दुसरी अशी, की मार्गदर्शन साखळीसारखे पुढे सरकते. ज्याला मिळाले तो पुढच्याला देतो आणि ही देवघेव हाच या व्यवसायातील प्रशिक्षणाचा मुख्य मार्ग राहिला आहे.

बिमल रॉय यांचा परिवार

मार्गदर्शकाभोवती एक संपूर्ण गट कसा उभा राहतो, याचे उत्तम उदाहरण बिमल रॉय यांचे आहे. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये छायालेखक म्हणून घडलेले बिमल रॉय बॉम्बे टॉकीजच्या ‘माँ’ (१९५२) या चित्रपटासाठी मुंबईस आले, तेव्हा हृषीकेश मुखर्जी, नवेंदु घोष, असित सेन असे सहकारी त्यांच्यासोबत होते. ‘दो बीघा जमीन’ची (१९५३) कथा सलील चौधरी यांची होती आणि संगीतही त्यांचेच, पटकथा आणि संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे होते. एका माणसाला एकाच पदात न अडकवता त्याच्यातील दुसरी क्षमता ओळखून तिला वाव देणे, हे येथे दिसते. ‘मधुमती’चे (१९५८) लेखन ऋत्विक घटक यांनी केले. त्याआधी हृषीकेश मुखर्जी यांच्या दिग्दर्शनातील पदार्पणाच्या, ‘मुसाफिर’च्या (१९५७) लेखनातही घटक यांचा सहभाग होता.

गुलजार यांचा प्रवेश याच परिवारातून झाला. मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या या कवीचे गीत ‘बंदिनी’मध्ये (१९६३) आले आणि पुढे बिमल रॉय यांनी त्यांना सहाय्यक म्हणून घेतले. १९६६ मध्ये बिमल रॉय यांचे निधन झाले. मार्गदर्शक गेल्यानंतर जाळे विरले असते तर ते केवळ व्यक्तिनिष्ठ होते असे म्हणावे लागले असते. तसे झाले नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’चे (१९७१) संवाद गुलजार यांनी लिहिले आणि त्याच वर्षी ‘मेरे अपने’ या चित्रपटाद्वारे ते स्वतः दिग्दर्शक झाले. उत्तम मार्गदर्शक शिष्यांना स्वतःशी जोडतो, त्याबरोबरच त्यांना परस्परांशीही जोडून देतो. त्याच्या पश्चात टिकणारे बळ या दुसऱ्या जोडणीत असते.

संस्था आणि रंगमंच : सहवासाची नवी ठिकाणे

प्रभात १९५३ मध्ये बंद पडली आणि १९६० मध्ये तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कारखान्यातील उमेदवारीची जागा अंशतः शिक्षणसंस्थेने घेतली, याचे इतके बोलके प्रतीक दुसरे नसेल. नात्यागोत्याची ओळख नसलेल्या परंतु प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या तरुणाला येथे प्रथमच अधिकृत दार उपलब्ध झाले. १९६०च्या दशकाच्या मध्यात ऋत्विक घटक यांनी तेथे अध्यापन केले आणि मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या प्रभावाखाली घडले. बिमल रॉय यांच्या परिवाराशी जोडलेला एक धागा अशा रीतीने वर्गात येऊन पोहोचला.

संस्थेने गुरूइतकेच महत्त्वाचे दुसरे काही दिले : समवयस्क सोबती. के. के. महाजन हे येथूनच बाहेर पडलेले छायालेखक. १९६९ हे निर्मितिवर्ष असलेले मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ हे तिन्ही चित्रपट त्यांनी चित्रित केले. नव्या सिनेमाच्या पायाभरणीत एका छायालेखकाचा असा तिहेरी सहभाग असणे, यातून संपर्कजाळ्यातील दुवा ठरणाऱ्या व्यक्तीचे महत्त्व कळते. असा दुवा दिग्दर्शकच असतो असे नाही. छायालेखक, संकलक, ध्वनिमुद्रक हे अनेक युनिटांत वावरत असल्याने त्यांच्याकडे अधिक वर्तुळांची माहिती असते. नवोदिताचे लक्ष मात्र केवळ दिग्दर्शक आणि नट यांच्याकडे लागलेले असते.

महाराष्ट्रात याला समांतर असे दुसरे विद्यापीठ होते ते हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीचे. १९६३ पासून पुण्यात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने आणि तिच्यासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनी पिढ्यान्‌पिढ्या नट, लेखक, दिग्दर्शक एकमेकांना भेटवले. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’च्या (१९७२) निमित्ताने एकत्र आलेल्या मंडळींतून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. तेंडुलकर यांनी लिहिलेल्या ‘सामना’चे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले, मोहन आगाशे त्यात होते आणि ‘घाशीराम’चे संगीतकार भास्कर चंदावरकर यांनीच त्यालाही संगीत दिले. चित्रपटाचे युनिट येथे जाहिरात देऊन जमवले गेले नाही. ते तालमीच्या खोलीत आधीच तयार होते.

गुरुशिष्याचे नाते समान पातळीवर कसे येते, हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या वाटचालीत दिसते. समाजकार्याच्या अध्यापनातून चित्रपटाकडे वळलेल्या सुमित्रा भावे यांच्या ‘बाई’ (१९८५) या लघुपटापासून सुकथनकर त्यांच्यासोबत होते. पुढे ‘दोघी’पासून (१९९५) सुमित्राताईंच्या निधनापर्यंत (२०२१) दोघांची नावे बहुतांशी जोडीनेच घेतली गेली. सहाय्यकाचा सहदिग्दर्शक होऊ देणे, यासाठी मार्गदर्शकाच्या ठायी मोठे मन लागते.

आजची स्थिती : लॅब, बाजार आणि योजना

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मार्गदर्शन बव्हंशी अनौपचारिक होते. २००० नंतर त्याला योजनाबद्ध रूप येऊ लागले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून गोव्यात फिल्म बाजार भरवण्यास प्रारंभ केला. २०२५ मध्ये त्याचे नामांतर ‘वेव्हज फिल्म बाजार’ असे झाले. याच महामंडळाच्या पटकथा-लॅबमध्ये निवडलेल्या लेखकांना अनुभवी पटकथाकारांसोबत आपल्या संहितेवर काम करता येते. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ची (२०१३) संहिता या प्रक्रियेतून गेली होती. या व्यवस्थेत ओळखीची जागा अर्ज घेतो आणि मार्गदर्शकाची वेळ संहितेच्या बळावर मिळते, हा तिचा विशेष.

चैतन्य ताम्हाणे यांचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचा ‘कोर्ट’ (२०१४) व्हेनिस महोत्सवात पुरस्कारप्राप्त ठरला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याचे निर्माते आणि त्यातील एक प्रमुख अभिनेते विवेक गोम्बर हे त्यांना नाटकाच्या निमित्ताने भेटलेले सहकारी. २०१६-१७ मध्ये रोलेक्स संस्थेच्या मार्गदर्शक-शिष्य योजनेत मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी ताम्हाणे यांची निवड केली आणि ‘रोमा’च्या चित्रीकरणाचे काम त्यांना जवळून पाहता आले. ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस येथे पटकथेचा पुरस्कार मिळाला, क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. गुरू आणि शिष्य यांच्या नात्यावरचाच हा मराठी चित्रपट असावा, हा योगायोग मनोज्ञ आहे. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी सोबत्यांच्या साहाय्याने काम उभे राहिले, त्या कामामुळे मार्गदर्शक लाभला. मार्गदर्शक मिळाल्यावर काम सुरू करू, असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो आणि म्हणूनच बहुधा अडतो.

नात्याची दुसरी बाजू

मार्गदर्शकाच्या नात्याचे केवळ गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जेथे लेखी करार नाही, कामाच्या वेळा निश्चित नाहीत आणि पुढचे काम एका व्यक्तीच्या शब्दावर अवलंबून आहे, तेथे सत्तेचा दुरुपयोग सहज होतो. केरळ शासनाने २०१७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास केला. डिसेंबर २०१९ मध्ये सादर झालेला तिचा अहवाल काही भाग वगळून ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक छळ, करारांचा अभाव, स्वच्छतागृहासारख्या प्राथमिक सोयींची वानवा आणि मोजक्या व्यक्तींच्या हाती एकवटलेली सत्ता यांची नोंद त्यात आहे. अहवाल एका प्रदेशापुरता असला तरी त्याने दाखवलेली रचना, म्हणजे अनौपचारिक जाळे आणि त्यातून येणारे परावलंबन, अन्यत्रही तपासून पाहण्यासारखी आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि उमेदवार यांचाही समावेश होतो. मोबदला मिळत नसला तरी संरक्षण मिळते. ही माहिती विद्यार्थिनींना चित्रीकरणास जाण्यापूर्वीच असली पाहिजे.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. नवोदिताची कल्पना मार्गदर्शकाच्या नावे जाण्याची भीती निराधार नसते. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्याने नुसत्या कल्पनेला संरक्षण मिळत नाही. ते तिच्या लिखित वा अन्य मूर्त अभिव्यक्तीला मिळते. म्हणून तोंडी कथा ऐकवण्यापूर्वी ती लिहून काढणे आणि पटकथाकारांच्या मुंबईस्थित संघटनेकडे तिची नोंदणी करून तारखेचा पुरावा ठेवणे, ही दक्षता अविश्वासाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

तिसरा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न पैशांचा. सहवास फुकट मिळत नाही. मुंबईत राहण्याचा खर्च, अल्प किंवा उशिरा मिळणारे मानधन, दोन कामांमधील रिकामे महिने हे सर्व ज्याचे कुटुंब सोसू शकते तोच उमेदवारीत टिकतो. ज्याच्या घरी दरमहा पैसे पाठवावे लागतात तो सहा महिन्यांत परततो आणि त्याच्या गुणवत्तेविषयी चुकीचा निष्कर्ष काढला जातो. वशिल्याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु दार उघडल्यानंतर आत थांबण्याची ऐपत नसणे, ही गाळणी वशिल्याइतकीच प्रभावी आहे.

नवोदिताने पाळावयाची पथ्ये

वरील विवेचनातून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. पहिले, ज्येष्ठांना भेटण्यापूर्वी दाखवण्याजोगे काम हवे : पाच मिनिटांचा लघुपट, दहा पानांची संहिता, संकलित केलेले एखादे दृश्य. दुसरे, विनंती नेमकी हवी. ‘मला मार्गदर्शन करा’ या विनंतीला उत्तर देणे कठीण असते. ‘या दृश्याचा शेवट फसला आहे असे वाटते, तो पाहाल का?’ या प्रश्नाला व्यग्र माणूसही उत्तर देतो. तिसरे, मिळालेल्या सल्ल्यावर काय केले हे काही काळाने कळवावे. नाते त्या दुसऱ्या भेटीत सुरू होते. चौथे, सोबत्यांची कदर करावी. आज एकांकिकेत प्रकाशयोजना करणारा मित्र उद्याचा छायालेखक असू शकतो. पाचवे, अंधेरी किंवा गोरेगावला जाण्याआधी आपल्या जिल्ह्यातील माहितीपटकार, आकाशवाणी केंद्र, नाट्यसंस्था, चित्रपट मंडळ यांच्याकडे पाहावे. उमेदवारी तेथेही होते आणि घरून जेवण घेऊन जाता येते.

महाविद्यालयाची भूमिका

येथे लेखाच्या आरंभीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. प्राध्यापकाच्या ओळखीचे कोणी नसेल तर त्याने काय करावे? सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचे उदाहरण याचे उत्तर सुचवते. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथील महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासक्रमाचे शिक्षण घेत असताना अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि २०१० या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो पदार्पणातील चित्रपट म्हणून गौरवला गेला. त्यानंतर ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) आले. ‘पिस्तुल्या’तील बालकलाकार सूरज पवार पुढील दोन्ही चित्रपटांत दिसला आणि ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नाळ’च्या (२०१८) निर्मितीत मंजुळे सहभागी झाले. महाविद्यालयाने येथे कोणा बड्या व्यक्तीची ओळख करून दिली नाही. महाविद्यालयाने पहिले काम करण्याचे निमित्त, मुदत आणि प्रेक्षक दिले. जाळे त्या कामाभोवती विणले गेले.

या दृष्टीने महाविद्यालयांनी काही गोष्टी सहज करता येतील. चित्रपटक्षेत्रातील पाहुणा आला की शाल, श्रीफळ, तासाभराचे भाषण आणि छायाचित्र असा कार्यक्रम होतो. त्याऐवजी पाहुण्याला आठ दिवस आधी विद्यार्थ्यांच्या तीन संहिता पाठवाव्यात आणि तो तास त्या संहितांवर खर्च करावा. दहा विद्यार्थ्यांना स्वाक्षरी मिळण्यापेक्षा एका विद्यार्थ्याच्या दृश्याची दुरुस्ती झालेली अधिक उपयोगी. दुसरे, माजी विद्यार्थ्यांची नोंदवही केवळ मान्यता-मूल्यांकनासाठी न ठेवता तिच्यात ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार, निर्मिती व्यवस्थापक अशी पडद्यामागील कामे करणाऱ्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी. दुबळे धागे येथेच दडलेले असतात. तिसरे, शिफारसपत्रात ‘होतकरू आणि प्रामाणिक’ अशा सर्वसाधारण विशेषणांऐवजी विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा नेमका उल्लेख असावा. चौथे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रम-रचनेत प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्याचा लाभ घेऊन उमेदवारीचा आरंभ शिक्षणकाळातच, विद्यार्थी वसतिगृहात वा घरी राहत असताना करून देता येईल. त्या वेळी कामाचे स्वरूप, तास, प्रवासखर्च आणि तक्रार कोणाकडे करावी, हे लेखी असावे. पाचवे, कमवा व शिका योजनेच्या धर्तीवर निवडक विद्यार्थ्यांना पदवीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी माजी विद्यार्थी संघाकडून अल्प साहाय्य देण्याचा विचार व्हावा. सहवास कोणाला परवडतो, या प्रश्नाला थेट भिडणारा उपाय हाच आहे.

समारोप

बाबूराव पेंटर यांच्या कार्यशाळेपासून आजच्या पटकथा-लॅबपर्यंत साधने बदलली; एक गोष्ट मात्र बदललेली दिसत नाही. चित्रपटव्यवसायात माणसे माणसांना कामातून ओळखतात आणि शिकण्याचा काळ दुसऱ्याच्या कामाजवळ राहून काढावा लागतो. ओळख हा त्या वाटेवरचा पहिला टप्पा आहे, मुक्काम नव्हे. ज्यांच्या घरी हा टप्पा आधीपासून आहे त्यांना महाविद्यालयाची फारशी गरज लागणार नाही. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांच्यासाठी तालमीची खोली, चित्रपट मंडळाचा अंधारलेला वर्ग आणि मुदतीत पूर्ण करावयाचा एक लघुपट हीच पहिली ओळख असते. ‘सर, तिथे तुमच्या ओळखीचे कोणी आहे का?’ या प्रश्नाला प्राध्यापकाने ‘नाही, पण तुझे काम मला दाखव आणि ते ज्यांच्यासोबत केलेस त्यांनाही घेऊन ये,’ असे उत्तर दिले, तर मार्गदर्शनाची साखळी तेथूनच सुरू होऊ शकते.